फ्लॅटहेड उघडताय? आधी ब्लॉक तपासा

पिस्टन-रिंगांची ऑर्डर आत्ताच देऊ नका. फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनात (१९३२ ते १९५३) सगळा खेळ ब्लॉकचा, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाचा आहे. एक्झॉस्टची वाट ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जॅकेटमधून (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीतून) बाहेर पडते. त्यामुळे ब्लॉक भयंकर तापतो आणि तडे जातात; बहुतेकदा व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरकडे, नाहीतर हेड (ब्लॉकवरचं झाकण) धरून ठेवणाऱ्या स्टडच्या भोकापासून. नुसत्या डोळ्यांना ते दिसतीलच असं नाही. ब्लॉक उकळत्या टाकीत स्वच्छ करून घ्या, मग मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे दाखवणारी तपासणी) आणि प्रेशर टेस्ट (जॅकेटमध्ये दाब भरून गळती शोधणं), दोन्ही करा. बोअरिंगचा, म्हणजे सिलिंडर कापून मोठे करण्याचा खर्च त्यानंतर. स्टडजवळचा बारीक तडा दुरुस्त होतो. सिलिंडरपर्यंत पोचलेला असेल तर मी तरी दुसरा ब्लॉक शोधेन.

जॅकेटमध्ये ओतकामाची वाळू आणि गंज घट्ट बसलेले असतात. पाण्याच्या पंपाच्या तोंडातून वाकडी तार घालून खरवडा, पाणी मारा, पुन्हा खरवडा. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. गाडी तापते म्हणून नवा रेडिएटर घेणाऱ्या कितीतरी जणांचं दुखणं इथेच असतं.

हेड मागवण्याआधी एका बाजूचे स्टड मोजा: २१ वाल्याचं हेड २४ वाल्याला बसत नाही. स्टड पाण्यात उतरतात, तेव्हा आट्यांना सीलर हवाच.

मूळ टॅपेटला (व्हॉल्व्ह वर ढकलणाऱ्या भागाला) ॲडजस्टिंग स्क्रू नसतो. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली गॅप कमी भरली तर व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक घासावं लागतं. जास्त घासलं गेलं तर व्हॉल्व्ह वाया जातो, म्हणून थोडं घासा, फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) लावा, मग पुढे.