नवीन प्रजाती तयार होताना कोणी पाहिली आहे का?

तुम्ही विचारलंय की एका प्रजातीतून दुसरी तयार होताना कोणी पाहिलंय का, आणि कोण कोणाचं नातलग हे ठरवतात कशावरून. मी चोपडा तालुक्यातला, वनस्पतिशास्त्र शिकवतो, घरी कपाशी असते. तेव्हा कपाशीचंच सांगतो.

आपली गावरान कपाशी (गॉसिपियम आर्बोरियम) आणि हल्ली सगळीकडे दिसणारी अमेरिकन कपाशी (गॉसिपियम हिरसुटम) या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. गावरानच्या पेशीत 26 गुणसूत्रं, अमेरिकनच्या 52. दोघींचा संकर करून बी धरलंच, तर त्या रोपात 39 येतात. त्यांच्या नीट जोड्या लागत नाहीत आणि झाड जवळजवळ वांझ निघतं. दोन प्रजाती वेगळ्या राहतात त्या अशा अडसरांमुळे.

मग 52 आली कुठून? सूक्ष्मदर्शकाखाली अमेरिकन कपाशीची अर्धी गुणसूत्रं मोठी दिसतात, अर्धी लहान. मोठी आपल्या गावरान कपाशीच्या जातकुळीची, लहान अमेरिकेतल्या रानकपाशीची! साधारण 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी, माणसानं शेती करण्याच्या कितीतरी आधी, या दोन घराण्यांचा संकर झाला. तो वांझच राहायचा, पण त्यात सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली, प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि बी धरू लागलं. 1940 च्या सुमारास बीसली या अमेरिकन शास्त्रज्ञानं हेच मुद्दाम करून पाहिलं. गावरान कपाशीचा अमेरिकन रानकपाशीशी संकर केला, कोल्चिसिन हे रसायन वापरून गुणसूत्रं दुप्पट केली, आणि ते झाड शेतातल्या अमेरिकन कपाशीशी जुळलं. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच आहे.

अर्थात हा झटपट मार्ग. प्राण्यांत बहुतेक वेळा डोंगर, समुद्र किंवा नदी एका प्रजातीचे दोन गट तोडते आणि हजारो पिढ्यांत ते इतके बदलतात की पुन्हा एकत्र आले तरी जुळत नाहीत.

आता नात्याचं. गावरान कपाशीचं आणि भेंडीचं फूल शेजारी ठेवा. दोन्हीकडे पिवळ्या पाकळ्या, तळाशी गडद लाल डाग. रंगावर मात्र जाऊ नका, तो सहज बदलतो. मधोमध बघा: सगळे पुंकेसर जुळून एक नळी झालीय आणि तिच्यातून कुक्षी (पराग झेलणारं टोक) बाहेर डोकावते. अंबाडी आणि जास्वंदीतही हीच रचना. ती सामाईक पूर्वजाकडून आली, म्हणून ही सगळी एकाच कुळातली.

नुसत्या रूपावरून फसगतही होते. आपल्या सातपुड्यातला वनपिंगळा 1873 मध्ये ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं नोंदवला तो स्वतंत्र गट मानून. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. 1997 मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. पुढे डीएनए तपासल्यावर दिसलं की तो आपल्या गावातल्या पिंगळ्याचाच जवळचा भाऊबंद आहे. त्यामुळे आता त्यालाही पिंगळ्याच्या अथेनी गटात धरतात.