मागच्या दिव्यांना एलईडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या मोटारीच्या मागच्या दिव्यांत तारेचे जुने बल्ब आहेत. त्याऐवजी एलईडी बल्ब घ्यायला गेलो, तेव्हा पांढरे आणि लाल असे दोन्ही प्रकार दाखवण्यात आले. काच मुळातच लाल असल्यामुळे पांढरा बल्ब घेतला तरी चालेल, असे विक्रेत्याचे म्हणणे होते. ते बरोबर आहे का?

उत्तर : पेटेल, पण घेऊ नये. तापलेल्या तारेच्या प्रकाशात तांबडा भाग भरपूर असतो, म्हणून लाल काचेतून तो बऱ्यापैकी बाहेर पडतो. पांढऱ्या एलईडीत मात्र मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो प्रकाश डोळ्यांना पांढरा भासतो. त्यात तांबडा भाग कमी असतो. लाल काच बाकीचे सगळे रंग अडवते, त्यामुळे हातात धरल्यावर डोळे दिपवणारा बल्ब दिव्यात बसवला की फिका पडतो, आणि काच पातळ किंवा उन्हाने रंग उडालेली असेल तर गुलाबीसर दिसतो. लाल काचेमागे लाल, इंडिकेटरमागे नारिंगी आणि रिव्हर्ससाठी पांढरा, हा नियम पाळावा. इंडिकेटरची काच रंगहीन असेल, तर बल्ब नारिंगी असणे अपरिहार्यच आहे.

रंगापेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे टेल लाइट आणि ब्रेक लाइट यांच्या तेजातला फरक. अनेक मोटारींत ही दोन्ही कामे एकच बल्ब करतो. त्यात दोन तारा असतात, ब्रेकसाठी २१ वॅटची आणि टेलसाठी ५ वॅटची, आणि त्यांचा प्रकाश साधारण ४४० आणि ३५ ल्युमेन, म्हणजे सुमारे बारा पटींच्या फरकाचा असतो. स्वस्त एलईडी बल्बांत हाच फरक मारला जातो. टेल लाइटच इतका प्रखर असतो, की ब्रेक दाबल्यावर किंचित वाढ होते आणि मागून येणाऱ्या चालकाच्या ती लक्षातही येत नाही. दोन्ही कामे एकाच दिव्यात असतील तर ब्रेक दाबल्यावरचा प्रकाश किमान पाचपट असावा, अशी अपेक्षा संयुक्त राष्ट्रांच्या मोटारदिव्यांच्या नियमावलीत आहे. घरी ल्युमेन मोजता येत नाहीत, पण एक साधी कसोटी घेता येते. एका बाजूला जुना बल्ब राहू द्यावा, दुसऱ्या बाजूला एलईडी बसवावा, आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून आपण वीस-पंचवीस पावले मागे उभे राहावे. एकदा भर उन्हात आणि एकदा अंधारात. नव्या बाजूची उडी जुन्या बाजूपेक्षा कमी वाटली, तर तो बल्ब परत करावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर विसंबू नये, कारण तो प्रकाश आपोआप कमीजास्त करून फरक झाकून टाकतो.

बल्ब निवडताना त्याची घडणही पाहावी. जुन्या बल्बची तार रिफ्लेक्टरच्या नेमक्या केंद्रापाशी येते आणि चहूबाजूंनी प्रकाश फेकते. ज्या एलईडी बल्बच्या फक्त टोकावर चिपा असतात, त्याने काचेच्या मधोमध एक झगझगीत ठिपका पडतो आणि कडा काळ्या राहतात. बाजूंनी चिपा असलेला आणि लांबीने जुन्या बल्बइतकाच असलेला बल्ब घ्यावा. एवढे जमले, तर लाभ खरा आहे. तार तापून पूर्ण उजळायला साधारण ०.२ सेकंद लागतात, एलईडी मात्र जवळजवळ तत्क्षणी पेटतो, आणि ताशी १०० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात मागची गाडी साडेपाच मीटर पुढे आलेली असते.

प्रश्न : इंडिकेटरमध्ये एलईडी बसवल्यापासून ते दुप्पट वेगाने उघडझाप करतात. रेझिस्टर लावा, असे सगळे सांगतात. लावावा का?

उत्तर : आधी असे का होते ते पाहू. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर वीज घेतो, एलईडी त्याच्या लहानशा अंशावर भागवतो. वीज एकदम कमी झाली म्हणजे बल्ब गेला, असे फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप घडवणारा भाग, समजतो आणि चालकाला कळावे म्हणून उघडझाप वाढवतो. म्हणजे बिघाड कशातच नाही. फ्लॅशरला जे शिकवले आहे तेच तो करतो आहे.

रेझिस्टर, म्हणजे जुन्या बल्बइतकी वीज ओढून तिची नुसती उष्णता करणारा रोधक, ही त्या फ्लॅशरची केलेली फसवणूक आहे. बाजारात बहुधा ६ ओहम, ५० वॅटचा मिळतो. इंजिन चालू असताना १३.५ व्होल्ट धरले, तर त्यातून सव्वादोन अँपिअर वीज जाते आणि ३० वॅट उष्णता निघते, म्हणजे एलईडीने वाचवलेली सारी वीज, वर थोडी अधिकच, आपण डिक्कीत जाळतो. चारही इंडिकेटर बराच वेळ चालू ठेवून गाडी उभी राहिली, तर हा रेझिस्टर बोट ठेववणार नाही इतका तापतो. त्यामुळे लावायचाच असेल, तर तो त्या इंडिकेटरची वायर आणि अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी बाजू) यांच्यामध्ये, बल्बला समांतर जोडावा, आणि मोटारीच्या उघड्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवावा. चिकटपट्टीने, प्लॅस्टिकवर किंवा डिक्कीच्या अस्तराखाली तो कधीही ठेवू नये. वायरीला टोचून बसणाऱ्या चिमट्यांऐवजी दाबून बसवलेला किंवा झाळलेला जोड करून त्यावर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी, कारण मागच्या दिव्यांपाशी ओल येतेच आणि टोचलेली वायर आतून हिरवी पडते.

ज्या मोटारींत फ्लॅशर रिले वेगळा काढता येतो, तिथे विजेच्या भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले बसवणे हा माझ्या मते सरळ मार्ग आहे. फक्त पिनांची मांडणी जुन्याशी जुळते का, ते ताडून पाहावे. नव्या मोटारींत हे काम कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, करते, आणि काहींत त्याची मांडणी अधिकृत केंद्रात बदलून मिळते. दोन्ही शक्य नसेल, तर इंडिकेटरचे बल्ब जुनेच राहू द्यावेत. ते दिवसातून काही मिनिटे पेटतात. तिथे एलईडीने फारसे काही साधत नाही. रेझिस्टर लावा किंवा रिले बदला, बल्ब गेल्याची सूचना देणारी ती वाढीव उघडझाप मात्र आपण गमावतो, हे ध्यानात ठेवून अधूनमधून गाडीच्या मागे जाऊन पाहण्याची सवय लावावी.

प्रश्न : गाडी बंद केल्यावरही नवे दिवे मंद लुकलुकतात. शिवाय नंबर प्लेटचा एक एलईडी पेटतच नाही.

उत्तर : दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. खाचेत बसणाऱ्या छोट्या एलईडीला धन-ऋण बाजू असू शकते. तो काढून उलटा फिरवून बसवावा. लुकलुकण्याचे कारण बहुधा बल्ब शाबूत आहे का हे तपासण्यासाठी कंट्रोल युनिटने पाठवलेले क्षणिक विद्युत्स्पंद असतात. तारेला ते जाणवतही नाहीत, एलईडीला मात्र पेटायला पुरतात. ‘कॅनबस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बल्बांत यासाठी रेझिस्टर असतो, आणि म्हणून ते अधिक तापतात. इंडिकेटरच्या तालावर टेल लाइट हलताना दिसत असेल, तर मात्र अर्थ तपासावा. सगळे दिवे लावून होल्डरचा अर्थ आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात मल्टिमीटर धरावा. एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल, तर अर्थचा जोड सोडवून घासून स्वच्छ करावा.

प्रश्न : फक्त बल्ब बदलणे कायद्यात बसते का?

उत्तर : अनेक देशांत दिव्याला मिळालेली मान्यता ही विशिष्ट प्रकारच्या बल्बासह असते, त्यामुळे नुसता बल्ब बदलला की ती मान्यता संपुष्टात येऊ शकते. आपल्या नोंदणी कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे आधी विचारणा करावी. मुळात एलईडीसाठीच बनवलेला, वर्तुळातील ‘ई’ अक्षर आणि आकडा अशी मान्यतेची खूण असलेला संपूर्ण दिवा घेणे महाग पडते, परंतु निर्धोक असते.

प्रश्न : जुन्या मोटारीसाठी दिवा उघडून आत स्वतः एलईडीची पट्टी बसवावी म्हणतो. हिशेब कसा करावा?

उत्तर : गाडीची वीज १२ व्होल्टची समजून हिशेब केला, की पट्टी लवकर मरते, इंजिन चालू असताना ती १४.४ पर्यंत जाते. साध्या लाल एलईडीवर सुमारे २.१ व्होल्ट पडतात. चार एका ओळीत जोडले, तर ८.४ गेले आणि ६ उरले. २० मिलिअँपिअरसाठी ३०० ओहम येतात, म्हणून बाजारात सहज मिळणारा ३३० ओहमचा रेझिस्टर प्रत्येक ओळीला स्वतंत्र लावावा. रेझिस्टर वाचवण्यासाठी एका ओळीत पाच एलईडी बसवण्याचा मोह होतो, पण मग इंजिन बंद असताना १२ व्होल्टवर त्यांतली वीज निम्म्याहून खाली येते आणि दिवा मलूल होतो. टेल आणि ब्रेकसाठी एकाच ओळीला दोन वेगळे रेझिस्टर वापरायचे असतील, तर दोन्ही वायरींत वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एकेक डायोड घालणे आवश्यक आहे, नाहीतर ब्रेकची वीज उलटी फिरून टेलच्या वायरीत शिरते; मात्र डायोडवरही सुमारे ०.७ व्होल्ट पडतात, ते हिशेबातून वजा करावेत. पट्टीच्या तोंडाशी व्होल्टेजचे झटके शोषणारा टीव्हीएस डायोड असावा. काच पुन्हा चिकटवण्यापूर्वी दिव्यातील मूळचे श्वासछिद्र बुजलेले नाही ना, हे पाहावे. एलईडी काच तापवत नसल्याने आत साठलेले दव जुन्या बल्बाप्रमाणे वाळून जात नाही. आणि दिव्यातला लाल परावर्तक कापून त्या जागी एलईडी लावू नयेत. बॅटरी उतरलेली गाडी रात्री रस्त्याकडेला उभी असते, तेव्हा मागच्या गाडीच्या उजेडात चमकणारी तेवढीच एक गोष्ट तिच्यावर असते.