लसीच्या सर्टिफिकेटची सक्ती परत आली तर नोकरी सोडून गावाकडं स्वयंपूर्ण राहता येईल का?

तुम्ही विचारलंय की उद्या पुन्हा कोरोनाच्या लसीच्या सर्टिफिकेटची सक्ती झाली तर पुण्यातली नोकरी सोडून सांगली-साताऱ्याकडं दोन एकर घ्यायचं, धान्य, दूध, वीज सगळं घरचं करायचं आणि सरकारी कागदांतून कायमचं सुटायचं, म्हणजे एक प्रकारचा असहकारच करायचा, हे जमेल का. मी विट्याजवळ शेती करतो म्हणून सरळ सांगतो. सक्तीला तुमचा विरोध मला पटतो, मनापासून पटतो. पण त्यासाठी शेतीकडं येत असाल तर येऊ नका, इथं कागद जास्तच लागतात.

आधी सक्तीचं बोलू. मी लस घेतली, घरच्या सगळ्यांना दिली, परत वेळ आली तर परत घेईन. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या बेडसाठी लोकं मिरजेत या दवाखान्यातून त्या दवाखान्यात कशी फिरत होती ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. पण लस घ्या म्हणून समजावणं वेगळं आणि कागद दाखव तरच गाडीत चढ म्हणणं वेगळं. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल सामान्य लोकांना उघडली ती दोन डोस झालेल्यांना, आणि दुसऱ्या डोसला १४ दिवस उलटलेल्यांनाच. आता हिशोब करा, १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस १ मे पासून, ती पण स्लॉट मिळाला तर, आणि मेच्या मध्यापासून कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलेलं, म्हणजे जूनमध्ये कोविशिल्डचा पहिला डोस मिळालेला पोरगा काहीही केलं तरी सप्टेंबरच्या आत लोकलमध्ये बसू शकत नव्हता. आपल्या पाटण-जावळीकडची कितीतरी माणसं मुंबईत माथाडी आहेत, त्यांनी काय लस नाकारली होती का? मिळालीच नव्हती. आणि इकडं गावात काय चाललेलं, तर शहरातली पोरं मोबाईलवर स्लॉट उघडला रे उघडला की बुक करायची आणि गाडी काढून खेड्यातल्या आरोग्य केंद्रावर येऊन लस टोचून जायची, गावातली पोरं तिथंच बाहेर कट्ट्यावर बसलेली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद जिल्ह्यात तर निदान एक डोस नसेल तर पेट्रोल, गॅस, रेशन मिळणार नाही असा आदेश निघाला. रेशन! ज्याच्या घरात त्या तांदळावर चूल पेटते त्याचं रेशन अडवून साथ थांबते हे मला आजपण पटत नाही.

बाहेरच्या देशांचं पण तेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटननं भारतातून लस घेऊन आलेल्यांना लस न घेतल्यासारखंच धरलं, लस कुठली तर पुण्यात बनलेली कोविशिल्ड, म्हणजे तिकडचीच अ‍ॅस्ट्राझेनेका, अडचण काय तर म्हणे सर्टिफिकेट. मग भारतानं त्यांच्या लोकांना १० दिवस क्वारंटाईन लावलं आणि आठवड्याभरात, ११ ऑक्टोबरपासून, त्यांनी आपला नियम मागं घेतला. त्या आठवड्यात लसीत काही बदललं होतं का? इटलीत १५ ऑक्टोबरपासून ग्रीन पास, म्हणजे लस घेतल्याचा, कोविड होऊन गेल्याचा किंवा टेस्ट निगेटिव्ह असल्याचा दाखला, नसेल तर कामावरच येऊ देईनात, तेव्हा त्रिएस्ते बंदरातले कामगार रस्त्यावर आले, फ्रान्समध्ये दर शनिवारी मोर्चे निघत होते. त्या गर्दीत लसीबद्दल खोटंनाटं पसरवणारे पण होते, त्यांची बाजू मी घेणार नाही, पण पगार अडवला म्हणून आलेला माणूस आणि तो एकच नव्हे.

आपल्याकडं ह्या गोष्टीचा निकाल लागला तो कोर्टात. २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं डॉ. जेकब पुलियल यांनी सक्तीविरुद्ध केलेल्या केसमध्ये सांगितलं की कुणालाही जबरदस्तीनं लस देता येत नाही, राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये स्वतःच्या शरीरावरचा हक्क येतो, आणि रुग्ण कमी आहेत तोवर लस न घेतलेल्यांवर घातलेली बंधनं प्रमाणाला धरून नाहीत, ती मागं घ्यावीत. त्याच निकालात लसीकरणाचं धोरण योग्य असल्याचंही म्हटलंय आणि साथ वाढली तर सरकार प्रमाणात बंधनं घालू शकतं हे पण म्हटलंय, हा भाग लोक फॉरवर्ड करताना गाळतात. पूर्ण वाचा, तुमच्या कामाचा आहे.

आता दोन एकराचं. पहिली गोष्ट, तुमच्या नावावर किंवा घराण्यात शेती नसेल तर महाराष्ट्रात कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. घेतली समजा, तर २०२५ पासून सरकारी योजनांना फार्मर आयडी लागतो, तो आधार आणि सातबाऱ्याला जोडलेला. सोलर पंप सबसिडीत हवा तरी तेच कागद. पाणी? आमच्याकडं टेंभू उपसा योजनेचं येतं, कराडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवलेलं, आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की येतं नाहीतर नाही, आणि चारी, म्हणजे पाण्याचा पाट, फुटली तर वरच्या आणि खालच्या शेतकऱ्याला बरोबर घेऊनच ती बुजवावी लागते. एकट्यानं बोअर मारली तर उन्हाळ्यात ती नुसती हवा सोडते.

आणि दूध घरचं म्हणताय ना, तर गाईचं ऐका. २०२२ ला लम्पी आला तेव्हा आमच्या वस्तीवर एका गाईच्या अंगावर आधी मानेपाशी लिंबाएवढ्या गाठी उठल्या, दोन दिवसांत पुढच्या पायांना सूज, वैरणीला तोंड लावंना, दूध आटलं. लोकांनी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला, हळद लावली, पण बाकीची जनावरं वाचली ती डॉक्टरांनी वस्तीवर येऊन सगळ्यांना एकाच दिवशी लस टोचली म्हणून. एकानं जरी नको म्हटलं असतं तरी शेजारच्या गोठ्याला भीती होती, कारण माशी आणि डास काय बांध बघून उडत नाहीत. जनावरांचे बाजार बंद होते, विकायची सोय नव्हती. आज गाईच्या कानात १२ आकडी पिवळा बिल्ला नसेल तर राज्यात तिची खरेदी-विक्री करता येत नाही. कागदातून सुटायला याल आणि गाईचा कागद सांभाळत बसाल.

२०२० ला आमच्या भागानं हे सगळं बघितलंय. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली माणसं, सोनं-चांदी शुद्ध करायचं काम करतात, देशात कुठंकुठं पसरलेली आहेत, लॉकडाऊनमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं गावाला परत आली. पहिले दोन महिने सगळ्यांच्या तोंडी एकच, आता इथंच राहायचं, शेती करायची, शहरात काय ठेवलंय. शाळूचं धान्य घरात होतं, भाजीपाला होता, ते खरंच चांगले दिवस होते. पण औषधं, पोरांची शाळा, बँकेचा हप्ता ह्याला रोकड लागते आणि दोन एकर कोरडवाहू तेवढी देत नाही. दुकानं उघडली तशी आमच्या गावातली बहुतेक परत गेली. तिकडं तासगावला बाजार बंद म्हणून द्राक्षं बेदाण्याला टाकावी लागली, म्हणजे ज्यांच्याकडं खऱ्या अर्थानं शेती होती त्यांनाही बाहेरचा बाजार हवाच होता.

तुम्ही असहकाराचं लिहिलंय म्हणून सांगतो, ह्याच जिल्ह्यांत क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, इंग्रजांचं कोर्ट नको म्हणून गावोगाव न्यायदान मंडळं चालवली. ती माणसं भूमिगत होती पण गाव सोडून एकटी पडली नव्हती, गावानं त्यांना जेवू घातलं, लपवलं, म्हणून टिकली. तुम्ही शेत घेऊन कुंपण मारून बसलात तर तुमच्यासाठी कोण उभं राहील?

त्यामुळं सक्तीचा आदेश परत निघाला तर आहे तिथंच थांबा. आदेशाचा नंबर आणि तारीख लेखी मागा, कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली काढलाय ते माहिती अधिकारात विचारा, सोसायटीतल्या, कंपनीतल्या लोकांच्या सह्या घ्या, ज्यांनी लस घेतलीय त्यांच्या आधी घ्या, त्याला वजन येतं. आणि शेतीची आवड वेगळी असेल, ह्या भांडणाशी तिचा संबंध नसेल, तर जरूर या, पण जमीन बघायच्या आधी मार्च ते जून खोली भाड्यानं घेऊन राहा, रात्रपाळीची लाईट आली की मोटार चालू करायला उठून बघा, मग जमिनीचं बोलू.