परतावा की उतारा?

प्रश्न असा आला आहे: ‘नागपूरच्या बेसा भागात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घ्यावा की सरकारी रोखे, या विचारात आहे. एकाच बातमीत “रोख्यांवरील परतावा वाढला” आणि “रोख्यांचे भाव पडले” अशी दोन वाक्यं वाचली. परतावा वाढला तर भाव पडतील कसे? की मराठी शब्दच चुकला?’

बातमी बरोबर आहे, शब्द चुकला आहे. परतावा म्हणजे जे परत आलं ते. आयकराचाही परतावाच येतो. त्यामुळे ‘परतावा वाढला’ म्हटलं की ज्याच्याकडे रोखे आहेत त्याला जास्त पैसे मिळाले, असंच कुणालाही वाटणार. इथे ज्याला यील्ड म्हणतात ते मात्र आज नव्याने रोखे घेणाऱ्याला आजच्या भावात पडणारं प्रमाण आहे.

समजा, 100 रुपये दर्शनी किमतीच्या रोख्यावर वर्षाला 7 रुपये व्याज ठरलेलं आहे. हे झालं कूपन. मुदत संपेपर्यंत ते बदलत नाही. बाजारात तो रोखा 87.50 रुपयांना मिळू लागला, तर घेणाऱ्याला 87.50 वर 7, म्हणजे 8 टक्के पडतात. मुदतीला दहा वर्षं उरली असतील तर शेवटी 100 रुपये मिळणार, तो फायदाही धरून यील्ड सुमारे 8.9 टक्के होतं. ज्याने 100 ला घेतला होता त्याला आज विकायचा झाल्यास साडेबारा रुपयांचा फटका. मुदतीपर्यंत थांबला तर त्याचे 7 रुपये आणि 100 रुपये कुठे जात नाहीत.

यासाठी मराठीत शब्द आहे, आणि तो विदर्भात रोज वापरला जातो: उतारा. जिनिंगवाला ‘रुईचा उतारा किती?’ विचारतो तेव्हा त्याला क्विंटलभर कापसातून किती किलो रुई निघेल हे हवं असतं. 34 किलो निघाली तर उतारा 34. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, तीसुद्धा साखरेच्या 10.25 टक्के उताऱ्याला बांधलेली असते. घातलेल्या मालामागे निघालेला माल, हाच अर्थ पैशालाही चपखल बसतो. मक्त्याने दिलेल्या शेताचंही तसंच: करार संपेपर्यंत मक्ता ठरलेला, म्हणून शेत जितकं स्वस्त मिळेल तितका घेणाऱ्याला उतारा जास्त.

अडचण एकच. मालमत्तेच्या व्यवहारात नुसतं ‘उतारा’ म्हटलं तर समोरचा सातबारा काढून देईल. म्हणून रोखे-उतारा आणि भाडे-उतारा असे जोडशब्द वापरावेत.

आता फ्लॅट. उदाहरणापुरता 60 लाखांचा फ्लॅट आणि महिना 15 हजार भाडं धरू. वर्षाचे 1 लाख 80 हजार, म्हणजे 3 टक्के. एक महिना रिकामा गेला आणि सोसायटी व मालमत्ता करात 25 हजार गेले तर हाती 1 लाख 40 हजार, उतारा 2.3 टक्के. मुद्रांक शुल्क किमतीत मिळवलं की आणखी खाली. हे सोडून ‘फ्लॅटचा परतावा’ म्हणून भाववाढीचा आकडा सांगतात आणि तो रोख्याच्या व्याजाशेजारी ठेवतात, तिथेच हिशेब बिघडतो. फ्लॅटच्या बाजूनेही सांगायला हवं: भाडं वाढू शकतं, कूपन वाढत नाही, शिवाय भाड्याच्या उत्पन्नावर आयकरात 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते.

दुकानं-ऑफिसांत रोखे-उताऱ्याचा परिणाम ठळक दिसतो, कारण तिथे किंमतच भाड्याच्या पटीत ठरते. खर्च वजा जाता 6 लाख भाडं येणाऱ्या गाळ्यात घेणाऱ्याला 8 टक्के उतारा हवा असेल तर तो साडेबारा पट, म्हणजे 75 लाख देईल. सरकारी रोखेच जास्त देऊ लागले म्हणून त्याने 9 टक्के मागितले, की तोच गाळा 66 लाख 67 हजारांवर येतो. राहत्या घरांत हे इतकं सरळ चालत नाही. तिथे गृहकर्जाचा हप्ता आधी बोलतो, आणि ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बहुतेक रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याला, जोडलेली आहेत.

वर्धा रोडकडच्या मोकळ्या प्लॉटचा भाडे-उतारा शून्य. तिथे ‘दहा वर्षांत दुप्पट’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण 7.2 टक्के. रोखे 7 देत असतील तर कुंपण, कर आणि आरएलमागच्या (प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रामागच्या) फेऱ्यांचा मोबदला 0.2!

रोखे थेट घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट सोय 12 नोव्हेंबर 2021 पासून आहे. किमान 10 हजारांपासून घेता येतात.

जाता जाता: उतारा 6.5 वरून 7 वर गेला तर ‘अर्धा टक्का वाढला’ असं छापतात. खरी वाढ अर्ध्या टक्केबिंदूची, म्हणजे 50 बेसिस पॉइंटची. टक्क्यांत मोजली तर ती 7.7 टक्के भरते.