दिवंगत मालकाच्या नावावरची आरएक्स १०० : आधी वारसांच्या सह्या, मग इंजिनाचे काम

प्रश्न : मी डिचोली तालुक्यात राहतो. शेजारच्या घरातील थोरल्या मुलाकडून १९९२ची यामाहा आरएक्स १०० मी १५,००० रुपयांना घेतली. हाताने लिहिलेली पावती आहे. गाडी त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर असून आरसी बुक हरवले आहे आणि नोंदणीची मुदत २००७ मध्येच संपली आहे. त्यांची आई हयात आहे. आता वास्कोला असलेला धाकटा भाऊ गाडी परत मागतो आणि पोलिसांत जाईन म्हणतो. इंजिन जाम आहे; भंगारातले दुसरे इंजिन स्वस्तात बसेल, असे मेकॅनिक सांगतो. माझ्याकडे सगळे मिळून २५,००० रुपये उरले आहेत. काम सुरू करू का?

उत्तर : अजून करू नका. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, त्यामुळे मूळ स्थितीतील अशी प्रत्येक गाडी वाचावी असे मलाही मनापासून वाटते. परंतु नावावर होऊ न शकणाऱ्या गाडीवर आपली मर्यादित पुंजी घालणे योग्य होणार नाही.

प्रथम मालकी. विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसेल, तर गोव्याच्या कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे या गाडीचा अर्धा हिस्सा मूळचाच आईचा, आणि वडिलांचा अर्धा हिस्सा मुलांमध्ये सारखा विभागला जातो. दोनच मुलगे असतील, तर आपल्याला गाडी विकणाऱ्या थोरल्याचा वाटा केवळ एक चतुर्थांश होता. मात्र मालविक्री कायदा, १९३० च्या कलम २८ मध्ये आपल्या बाजूने एक मुद्दा आहे : इतर सहमालकांच्या परवानगीने वस्तू एकाच्याच ताब्यात असेल आणि खरेदीदाराने सद्भावनेने, त्याला विकण्याचा अधिकार नाही याची कल्पना नसताना ती घेतली असेल, तर मालकी खरेदीदाराकडे जाते. गाडी इतकी वर्षे थोरल्याच्या पडवीत होती, चावी त्याच्याकडे होती आणि कोणी हरकत घेतली नव्हती, हे सांगू शकणारे शेजारी असतील तर हा मुद्दा भक्कम होतो. पण वडिलांच्या नावावरची गाडी आपण घेतली हे आपल्याला ठाऊक होते, तेव्हा इतर वारसांची चौकशी का केली नाही, असा प्रश्न समोरचा पक्ष विचारणारच. म्हणून हा मुद्दा बोलणीसाठी वापरा, न्यायालयात केवळ त्यावर विसंबू नका.

पोलीस तक्रारीच्या धमकीने घाबरून जाऊ नका. ताबा असलेल्या व्यक्तीने स्वतः किंमत घेऊन गाडी आपल्या हवाली केली. अप्रामाणिक हेतूने व संमतीविना वस्तू हलवणे हा जो चोरीचा गाभा, तो येथे दिसत नाही. वाद दिवाणी आहे. मूळ पावती जपून ठेवा आणि यापुढे एक रुपयाही रोखीने देऊ नका.

वाहतूक कार्यालयात मात्र वारसांच्या सह्यांवाचून पाऊल पुढे पडणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार मृत मालकाची गाडी आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने आणि तेथून आपल्या नावावर फॉर्म २९ व ३० ने चढवावी लागेल. आई, दोन्ही भाऊ आणि ते विवाहित असल्यास त्यांच्या पत्नी, अशा सर्वांचे संमतीचे प्रतिज्ञापत्र करून घ्या. सुनांचा हक्क आपल्याकडे हमखास विसरला जातो आणि पुढे तोच आडवा येतो. धाकट्या भावाला त्याच्या वाट्यापोटी थोडी रक्कम देऊन वाद मिटत असेल, तर ती द्यावी असे माझे मत आहे.

हरवलेल्या आरसी बुकासाठी पोलिसांकडील नोंद आणि फॉर्म २६ लागेल, नूतनीकरणासाठी फॉर्म २५. जुन्या गाडीची नोंद सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन पोर्टलवर दिसत नसेल, तर आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या कागदी नोंदीची संगणकावर भर, करून घ्यावी लागते. वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये आहे. त्याहून जड आहे ते विलंबाचे जादा शुल्क : महिन्याला ३००, म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये. थकलेली रक्कम किती धरली जाते यावर आपले २५,००० पुरणार की नाही हे ठरेल. म्हणून तो हिशेब कार्यालयातून आधी काढून घ्या आणि ती रक्कम कोण भरणार हे वारसांशी लेखी ठरवा. ‘व्हिंटेज’ नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी आहे. तो मार्ग आपल्याला नाही.

आता इंजिन. भंगारातले बिनबिलाचे इंजिन घेऊ नका. ते चोरीच्या गाडीचे निघाले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालील चौकशी आपल्या दारात येईल. आणि बिल असले तरी इंजिन बदलल्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चौदा दिवसांत कळवून नवा क्रमांक नोंदवावा लागतो. इंजिनाचा क्रमांक क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, ठोकलेला असतो, सिलिंडर ब्लॉकवर नाही. पिस्टन ब्लॉकमध्ये चिकटून इंजिन जाम झाले असेल, तर ब्लॉकचे भोक किंचित मोठे कापून (बोअर करून) थोडा मोठा, ओव्हरसाइझ पिस्टन टाकता येतो किंवा फक्त ब्लॉक-पिस्टन बदलता येतो. क्रमांक कायम राहतो आणि खर्चही आटोक्यात राहतो. इंजिनाची क्षमता वाढवणारा मोठ्या सीसीचा किट बसवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक फेरबदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

चेसिस क्रमांक हँडलखालच्या मानेवर असतो. गोव्याच्या पावसाने तो भाग गंजलेला असेल, तर ग्राइंडर लावू देऊ नका. रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करून पेन्सिलीची छाप घ्या, ती अर्जासोबत लागते. रंगारी तेथे पुट्टी भरणार नाही, याकडेही लक्ष द्या.

३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला पीयूसीसाठी कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम इतकी मर्यादा आहे. ऑइल पंप आणि कार्ब्युरेटर नीट लावलेली टू-स्ट्रोक तीत बसते. ९८ सीसीच्या या गाडीच्या तृतीय पक्ष विम्याचा मूळ हप्ता २०२२ च्या दरपत्रकानुसार ७१४ रुपये अधिक कर आहे. नोंदणी जिवंत होईपर्यंत गाडी रस्त्यावर चालवू नका, तपासणीलाही पिकअपमधूनच न्या.

वारसांनी सह्या नाकारल्या किंवा थकबाकी आपल्या आवाक्याबाहेर गेली, तर थोरल्या भावाला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवून १५,००० रुपये परत मागा. विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार असणे ही मालविक्री कायद्याच्या कलम १४ नुसार प्रत्येक विक्रीत गृहीत धरलेली अट आहे. दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. त्यामुळे बोलणी लांबत गेली, तरी पावतीवरची तारीख डोळ्यांसमोर ठेवा.