मोडी कागद, वंशावळी आणि वाणिज्य शाखेची पदवी

आदरणीय पालक,
सप्रेम नमस्कार.

आपली कन्या वाणिज्य शाखेच्या अंतिम वर्षाला आहे, आजोळच्या माळ्यावर जुन्या मोडी लिपीतील कागदांचा गठ्ठा सापडल्यापासून घराण्याची वंशावळ आणि गावाचा इतिहास यांखेरीज तिला दुसरे काही सुचत नाही आणि आता पदवी अर्धवट सोडून इतिहासाकडे वळण्याचा हट्ट तिने धरला आहे, असे आपण कळवले आहे. या छंदावर तिचा चरितार्थ चालेल का, हा आपला प्रश्न रास्त आहे. चालू शकेल, मात्र जुना कागद अचूक वाचण्याचे आणि त्यातून निघालेला निष्कर्ष पुराव्यानिशी मांडण्याचे कसब तिने कमावले, तरच.

पदवी तिने मुळीच सोडू नये. पदवी हाताशी असावी म्हणून मी हे सांगतो आहे, असे तिला वाटेल; माझे कारण निराळे आहे. पुणे पुरालेखागारात रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधून ठेवलेल्या पेशवे दफ्तराचा, अर्थात पेशवाईतील सरकारी कागदपत्रांचा, फार मोठा भाग जमाखर्चाचा आहे. इतिहासाचे विद्यार्थी लढायांच्या आणि राजकारणाच्या पत्रांवर तुटून पडतात व हिशेबांकडे बहुधा पाठ फिरवतात. गावाचा इतिहास मात्र या हिशेबांतच दडलेला असतो: किती जमीन लागवडीखाली होती, कोणत्या वतनदाराचा हक्क किती होता, दुष्काळाच्या साली किती सूट मिळाली, बाकी कोणाकडे थकली. रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावणी (खातेवार नोंदींची वही) म्हणजे काय, हे जिला शिकवावे लागत नाही, ती विद्यार्थिनी येथे चार पावले पुढेच असते. शिवाय इतिहासाच्या एम.ए.ला अनेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो, त्यामुळे तिचे एकही वर्ष वाया जाणार नाही.

मोडी तिने आतापासूनच शिकावी. राज्य शासनाचे पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्यातर्फे मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग होतात. मुळाक्षरे थोड्या दिवसांत येतात; खरी कसोटी त्यानंतर लागते. आधी सलग शिरोरेघ ओढून तिच्याखाली बोरूने हात न उचलता लिहिलेल्या ओळीत शब्द कोठे तुटतो, हे संदर्भानेच ठरवावे लागते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा आधारही मिळत नाही. कालगणना हे दुसरे प्रकरण. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. हे अरबी संख्याशब्द एक, साठ, शंभर आणि हजार असे असून त्यांची बेरीज ११६१ होते. हे साल शुहूर सनाचे, म्हणजे मराठी कागदांत रूढ असलेल्या कालगणनेचे. शुहूर सन मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या प्रारंभी, सुरू होत असल्याने इसवी सन काढण्यासाठी त्या वर्षातील डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासूनच्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. हे ११६१ साल म्हणजे १७६०-६१, पानिपताचे वर्ष. महिना नीट वाचला नाही तर इसवी सन एका वर्षाने चुकतो.

वंशावळीत चुका याहून सहज होतात. ‘राणोजी बिन सटवाजी’, म्हणजे सटवाजीचा मुलगा राणोजी, असे वाचले की बापलेकांचे नाते कळले. पण आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे तोच राणोजी आणि तोच सटवाजी दोन पिढ्यांनी पुन्हा भेटतात आणि उत्साही संशोधक चार माणसांची दोन करून टाकतो. दत्तकविधान झाले असेल तर गुंता आणखी वाढतो.

आता उपजीविकेविषयी. अभिलेखागारांतील सरकारी पदे थोडी आहेत आणि त्यांच्या जाहिराती केव्हा निघतील याचा नेम नसतो. एम.ए.नंतर नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संस्थेतील अभिलेख व्यवस्थापनाची एक वर्षाची पदविका घेतली, तर संस्थांच्या आणि उद्योगसमूहांच्या संग्रहांतही काम मिळण्याची शक्यता वाढते. अध्यापनासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा आहेच. खासगी कामांत मोडीचे लिप्यंतर येते. जमिनीच्या दाव्यांत आणि जात पडताळणीच्या प्रकरणांत त्याची गरज सतत पडते. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यावर मोडी वाचकांची मागणी एकाएकी वाढली. परंतु अशा लाटेवर आयुष्याचे गणित बांधू नये. पहिली काही वर्षे हिशेबनिसाची नोकरी आणि फावल्या वेळात लिप्यंतर, अशी दुहेरी घडी मला तिच्यासाठी अधिक पक्की वाटते. इतिहासाचार्य राजवाड्यांचे नाव घरातील वादात निघेलच; १८९८ पासून त्यांनी काढलेले मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड तिने जरूर डोळ्यांपुढे ठेवावेत, त्यांची फकिरी मात्र उचलू नये.

या व्यवसायातील एका धोक्याची कल्पना तिला आधीच द्यावी. पैसे देणाऱ्याला आपला पूर्वज सरदार निघायला हवा असतो, किंवा कागदात विशिष्ट जातीची नोंदच हवी असते. संदिग्ध अक्षर त्याच्या सोयीने वाचण्याचा मोह अशा वेळी होतो. तसे लिप्यंतर उद्या न्यायालयात किंवा पडताळणी समितीपुढे गेले, तर वाचणाराच अडचणीत येतो. ‘वाचता येत नाही’ असे लेखी देण्याची सवय तिने पहिल्या कामापासून लावून घ्यावी.

परीक्षा संपल्यावर आपण तिला एक काम सांगावे. आपल्याच घराण्याच्या चार पिढ्या तिने मागे जाव्यात आणि प्रत्येक नात्यापुढे लेखी पुरावा लिहावा: फेरफार नोंद, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील नोंद, तीर्थोपाध्यायांच्या वहीतील मजकूर. पुरावा नसेल तेथे जागा कोरी सोडावी. तहसील कार्यालयातील हेलपाटे, धूळ आणि रिकाम्या हाताने परतणे यांतही तिचा हुरूप टिकला, तर एम.ए.च्या अर्जावर आपण निःशंकपणे सही करावी. महिनाभरात कंटाळली, तर छंद म्हणून तो आयुष्यभर आहेच.

माळ्यावरचे मूळ कागद तोवर सुती कापडात सैलसर बांधून कोरड्या जागी ठेवावेत. त्यांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कदापि करू नये. वाचनासाठी चांगल्या प्रकाशात काढलेली छायाचित्रे पुरतात.