साठवलेल्या विमान इंधनात सूक्ष्मजीव वाढले आहेत, हे कसे ओळखावे?

टाकीच्या मधल्या भागातून घेतलेला नमुना स्वच्छ दिसला म्हणून इंधन निर्दोष ठरत नाही; कारण बुरशी आणि जीवाणू वाढतात ते तळाशी साचलेल्या पाण्यात, विशेषतः पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर. म्हणून नमुना टाकीच्या सर्वांत खालच्या व्हॉल्व्हमधून, निर्जंतुक काचेच्या बाटलीत घ्यावा आणि थोडा वेळ स्थिर ठेवावा. सीमेवर तपकिरी, जाळीसारखा पापुद्रा दिसला आणि बाटली तिरपी केल्यावर तो काचेला चिकटून राहिला, किंवा पाणी गढूळ व कुजकट वासाचे निघाले, तर संशय बळावतो. ‘केरोसीन बुरशी’ म्हणून ओळखली जाणारी हॉर्मोकोनिस रेझिनी येथे नेहमीची संशयित असते.

खात्री मात्र चाचणीनेच करावी. एटीपी हा सजीव पेशींत ऊर्जा पुरवणारा रेणू; एटीपी चाचणीत काजव्यात आढळणारे विकर (एन्झाइम) वापरून पेशींतील एटीपी प्रकाशाच्या रूपात मोजतात आणि निकाल काही मिनिटांत मिळतो. नमुन्यातील सूक्ष्मजीव पोषक माध्यमावर वाढवून पाहणाऱ्या संवर्धन चाचणीला काही दिवस लागतात, परंतु तिच्यातून वसाहतींची संख्या कळते. एकाच नमुन्यावर मी तरी विसंबून राहणार नाही, कारण सूक्ष्मजीव इंधनात सारखे पसरलेले नसतात. फिल्टर तुंबण्याची वाटही पाहू नये. तोवर तळाला गंज लागू लागलेला असू शकतो.